मुलाइटचे तंतू प्रयोगशाळेत: बीकरपासून भट्टीपर्यंत

सिरॅमिक तंतू म्हटलं की बहुतेकांना भट्टीच्या अस्तरातलं पांढरं ब्लँकेट आठवतं. ते वितळलेल्या काचेसारख्या रसावर हवेचा झोत मारून करतात आणि त्याचं काम उष्णता अडवण्याचं. भार पेलणारे तंतू निराळे. स्पेस शटलच्या काही टाइल्समध्ये 78 टक्के सिलिका तंतूंच्या जोडीला 22 टक्के ॲल्युमिना-बोरिया-सिलिकाचे (ॲल्युमिनियम, बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडचे) नेक्स्टेल तंतू होते. आजच्या लीप जेट इंजिनात टर्बाइनभोवतीचं कडं सिलिकॉन कार्बाइड तंतूंनी मजबूत केलेल्या सिरॅमिकचं असतं. हे तंतू वितळवून ओढता येत नाहीत, कारण, उदाहरणार्थ, ॲल्युमिना आणि सिलिका मिळून बनणारं मुलाइट 1800 अंश सेल्सिअसच्या वर वितळतं आणि त्याचा रस पाण्यासारखा पातळ असतो. म्हणून आधी थंडपणे धागा काढायचा आणि नंतर तो धागा भाजून सिरॅमिक करायचा.

सिलिकॉन कार्बाइडचा रस्ता जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या याजिमा यांनी 1975 मध्ये दाखवला. त्याला पॉलिकार्बोसिलेन हे सिलिकॉन-कार्बनच्या साखळीचं पॉलिमर लागतं आणि निष्क्रिय वायूतली भट्टी लागते. त्यात ऑक्सिजन शिरला तर तंतू 1200 अंशांच्या पुढे ढासळतो. साध्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा हात बसवायचा तर ऑक्साइड तंतू बरा. पाण्यातलं रसायन आणि हवेत चालणारी 1300 अंशांची मफल फर्नेस म्हणजे बंद कोठडीची भट्टी एवढ्यावर भागतं. इथे 3:2 मुलाइटची, म्हणजे तीन मोल ॲल्युमिनाला दोन मोल सिलिका, वजनाने सुमारे 72 टक्के ॲल्युमिना आणि 28 टक्के सिलिका असलेल्या तंतूची कृती दिली आहे. तिच्यातून 10 मायक्रॉन जाडीचा तंतू मिळावा हे उद्दिष्ट.

सुरुवातीलाच एक हिशोब मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मुलाइट ठिसूळ आहे. भेग वाढण्याला त्याचा विरोध सुमारे 2 मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. हा आकडा धरला तर 2 गिगापास्कल ताकदीच्या तंतूत अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा दोष चालतो. दोष चौपट झाला की ताकद निम्मी. हवेतला धुळीचा कण 5 मायक्रॉनचा असला तर 10 मायक्रॉनच्या तंतूची अर्धी जाडी तोच खातो. भट्टी कितीही उत्तम असली तरी असा दोष ती दुरुस्त करू शकत नाही. तंतूची ताकद बीकरमध्ये ठरते.

सोल बनवणं

सोल म्हणजे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेला द्राव; तो घट्ट होऊन आत जाळं बांधलं गेलं की जेल. एका बॅचसाठी लागणारं साहित्य: ॲल्युमिनियम नायट्रेट नॉनाहायड्रेट 37.5 ग्रॅम, ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड 61.3 ग्रॅम, टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट म्हणजे टीईओएस 27.8 ग्रॅम, डीआयोनाइज्ड पाणी 110 मिली, पीव्हीपी के-90 (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) पावडर 0.8 ग्रॅम. यात ॲल्युमिनियम 0.4 मोल आणि सिलिकॉन 0.133 मोल, म्हणजे 3:1 (ॲल्युमिनात ॲल्युमिनियमचे दोन अणू असतात, म्हणून हे 3:2 मुलाइटचंच प्रमाण). सगळं भाजून झाल्यावर 28.4 ग्रॅम ऑक्साइड उरतं. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, घट्ट करताना लागेल.

नळाचं पाणी वापरू नका. त्यातलं सोडियम सिलिकाला मऊ करतं आणि उच्च तापमानाला कण भराभर वाढवतं. हात लागण्यानेही तेच होतं. जेल तंतू उघड्या बोटांनी हाताळले की घामाचं मीठ जिथे लागलं तिथे भाजल्यावर ते तुटतात.

आयसोप्रोपॉक्साइडची बाटली ताजी हवी. जुन्या, दमट हवा लागलेल्या बाटलीतला माल दिसायला तसाच पांढरा असतो, पण त्याचा काही भाग आधीच हायड्रॉक्साइड झालेला असतो आणि तो विरघळत नाही. गुठळ्या खलबत्त्यात पटकन कुटून लगेच वजन करा. पावसाळ्यात हे वजन करताना पाच मिनिटंही बाटली उघडी ठेवू नये.

500 मिलीच्या बोरोसिलिकेट फ्लास्कमध्ये 100 मिली पाण्यात नायट्रेट विरघळवा. ते विरघळताना पाणी गार पडतं. चुंबकीय स्टररवर जोरात ढवळत आयसोप्रोपॉक्साइड चमचा-चमचा करून अर्ध्या तासात घाला. एकदम ओतलं तर वरची पूड भिजून गोळा होतो, त्याच्या बाहेर जेलचं कवच तयार होतं आणि आतला भाग दोन दिवस ढवळूनही सुटत नाही. झाकण लावून रात्रभर, 12 ते 16 तास ढवळत ठेवा. सकाळी द्राव दुधट दिसेल, ते ठीक आहे.

आता टीईओएस थेंब-थेंब करून तासाभरात घाला. ते पाण्यात मिसळत नाही, पण रात्रीतून सुटलेलं आयसोप्रोपेनॉल दोघांना जोडतं. सुरुवातीला वर तेलकट थर दिसतो. नायट्रेटच्या आम्लामुळे टीईओएसचं पाण्याशी विघटन होत जातं आणि चार ते सहा तासांत तो थर नाहीसा होतो. थर असताना गरम करायची घाई करू नये. तसं केलं तर सिलिका स्वतःच्याच साखळ्या बांधून वेगळी पडते आणि ॲल्युमिनियम-ऑक्सिजन-सिलिकॉन असे बंध तयारच होत नाहीत. ही चूक भाजेपर्यंत दिसत नाही, म्हणून ती जास्त महाग पडते.

थर गेला की वर कंडेन्सर लावून 80 अंशांवर सहा ते आठ तास उकळवा. शेवटी द्राव पारदर्शक, फार तर किंचित निळसर झाक असलेला व्हायला हवा. फ्लास्कमागे छापील कागद धरला तर अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. दुधटपणा उरला असेल तर आणखी चार तास द्या. तरीही तो गेला नाही तर आयसोप्रोपॉक्साइड जुनं होतं. ती बॅच सोडून द्या, गाळून वापरू नका, कारण गाळण्याबरोबर ॲल्युमिनियमही जातं आणि 3:1 चं प्रमाण बिघडतं.

पीव्हीपी उरलेल्या 10 मिली पाण्यात वेगळं विरघळवून थंड सोलमध्ये घाला. ऑक्साइडच्या तीन टक्क्यांहून जास्त घालायचा मोह होतो, कारण धागा फार छान निघतो. पण जास्तीचं पॉलिमर जळून जाताना छिद्रं मागे ठेवतं.

गाळण्याची वेळ हीच, सोल पातळ असतानाची. आधी 1 मायक्रॉनचा ग्लास फायबर फिल्टर, मग 0.45 मायक्रॉनचा पीव्हीडीएफ. नायलॉनचा फिल्टर आम्लात टिकत नाही. इथून पुढे ज्या-ज्या भांड्यात सोल जाणार ती सगळी गाळलेल्या पाण्याने तीनदा विसळलेली आणि झाकलेली असावीत. घट्ट झाल्यावर एवढ्या बारीक फिल्टरमधून सोल जात नाही, त्यामुळे ही संधी एकदाच मिळते.

एकतारी पाकाची खूण

गाळलेल्या सोलचं वजन सुमारे 230 ग्रॅम भरतं. त्यातून सुमारे 79 ग्रॅम अल्कोहोल आणि बरंच पाणी काढून ते 85 ते 95 ग्रॅमवर आणायचं, म्हणजे ऑक्साइड 30 ते 33 टक्के होतं. रोटरी इव्हॅपोरेटर (निर्वातात फ्लास्क फिरवत द्राव उडवणारं यंत्र), बाथ 50 ते 55 अंश, निर्वात हळूहळू वाढवत न्यावा. अल्कोहोल आधी निघतं आणि तेव्हा सोल उसळतो, म्हणून पहिली वीस मिनिटं नजर हलवू नये. अल्कोहोलची वाफ पेट घेते. उघडी हॉटप्लेट वापरायची असेल तर ती फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात), आणि जवळ ठिणगी देणारं काहीही नको.

सोल 100 ग्रॅमच्या आसपास आला की रोटरीतून काढा. शेवटचा टप्पा उघड्या बीकरमध्ये, 40 अंशांवर, अगदी सावकाश ढवळत करा. इथे घड्याळ किंवा वजन फक्त अंदाज देतं, निर्णय काचेच्या कांडीने घ्यायचा. लाडवासाठी पाक करताना जशी तार पाहतात तशीच ही परीक्षा आहे. कांडी बुडवून सावकाश वर उचला. सुरुवातीला थेंब पडतो आणि मागे काहीच राहत नाही. नंतर थेंबामागे दोन-तीन सेंटिमीटरची शेपटी येते आणि ती मण्यांसारखी तुटते. मग एका टप्प्यावर धागा 30, 50, 80 सेंटिमीटरपर्यंत निघतो, सगळीकडे सारखा जाड असतो आणि तुटला तर तिथेच लोंबत राहतो. हाच टप्पा हवा. आणखी पुढे गेलं तर धागा तुटताना रबरासारखा मागे झटकन ओढला जातो. तसं झालं की सोलमध्ये जाळं बांधलं गेलं आहे, पाक गोळीबंद झाला. पाणी घालून तो परत येत नाही. वरून पातळ दिसला तरी आत जेलचे कण राहतात, आणि ते कण म्हणजे पुढचे दोष.

सोल तारेवर येण्याआधीच जेल होत असेल तर तापमान जास्त होतं किंवा टीईओएस पूर्ण विघटित व्हायच्या आत गरम केलं होतं. व्हिस्कोमीटर (द्रावाचा घट्टपणा मोजायचं यंत्र) असेल तर 10 ते 30 पास्कल-सेकंद ही पट्टी धरा, आणि ढवळण्याचा वेग बदलला तरी आकडा फारसा बदलता कामा नये.

तयार सोल झाकून एक दिवस स्थिर ठेवा. मग बुडबुडे काढण्यासाठी मिनिटाला 3000 फेऱ्यांवर 15 मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. निर्वात डेसिकेटर टाळावा, कारण त्यात पृष्ठभाग सुकून साय धरते आणि त्या सायीचे तुकडे नंतर भोकात अडकतात. फ्रिजमध्ये 5 ते 10 अंशांवर सोल काही दिवस टिकतो. मात्र रोज बाटली वाकवून पाहावी, आणि ओघ मंदावला की वापरून टाकावा.

धागा ओढणं

यंत्रणा साधी आहे. वर स्टीलची सिरिंज किंवा नायट्रोजनच्या दाबाचं छोटं भांडं, खाली भोकाची चकती, दीड मीटर हवेचा स्तंभ, तळाशी फिरता ढोल. चकतीचं भोक 0.1 मिलिमीटर व्यासाचं आणि 0.3 मिलिमीटर खोल घ्या. अनेकजण इथे दवाखान्यातली बारीक सुई लावतात आणि सिरिंज फुटते. कारण सरळ आहे: दाब भोकाच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. 20 पास्कल-सेकंदाचा सोल वरच्या चकतीतून या कामाच्या वेगाने ढकलायला अडीच-तीन बार पुरतात. त्याच व्यासाच्या 13 मिलिमीटर लांब सुईला शंभराच्या वर बार लागतात.

वेगाचा हिशोब उलटा करायचा. तंतू 10 मायक्रॉनचा हवा. भाजताना जाडी साधारण एक तृतीयांशाने कमी होते, म्हणून सुकलेला जेल धागा 15 मायक्रॉनचा, आणि ओला असताना 20 मायक्रॉनचा. 100 मायक्रॉनच्या भोकातून 20 मायक्रॉनपर्यंत आणायचं म्हणजे 25 पट ओढ. ढोल मिनिटाला 20 मीटर फिरवला तर सोल मिनिटाला 6.3 मायक्रोलिटर, म्हणजे तासाला 0.38 मिली लागतो. ढोलाचा व्यास 200 मिलिमीटर असेल तर मिनिटाला 32 फेऱ्या. एका भोकातून 10 मिली संपायला दिवसाहून जास्त वेळ लागतो, पण त्यातून निघणाऱ्या धाग्याची लांबी 32 किलोमीटर भरते, जवळजवळ बोरीबंदर ते ठाणे. कारखान्यात एका धाग्यात चारशे किंवा त्याहून जास्त तंतू एकदम ओढतात ते याच कारणाने.

स्तंभातली हवा 30 ते 35 अंश आणि आर्द्रता 30 ते 40 टक्के. ही अट सगळ्यात जास्त त्रास देते. हवा फार कोरडी असेल तर धाग्याची कातडी आधी कडक होते, आतलं पाणी नंतर जातं आणि गोल धागा घेवड्याच्या दाण्यासारखा चपटा होतो. हवा दमट असेल तर धागा ढोलावर पोचेपर्यंत चिकटच राहतो आणि शेजारच्या धाग्याला जुळतो. कोकणात किंवा मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत डिह्युमिडिफायरशिवाय हे काम हाती घेऊ नये. घ्यायचंच असेल तर स्तंभाभोवती पॉलिकार्बोनेटची बंद नळी करून तिच्यात सुकी हवा खालून सावकाश सोडा. पंख्याचा झोत नको, त्याने धागा थरथरतो आणि जाडी बदलते.

भोकाजवळ थेंब जमून चकतीवर पसरू लागला तर चकती पुसून तिच्यावर सिलिकॉन तेलाचा अगदी पुसट हात फिरवा. धाग्यात ठरावीक अंतरावर गाठी येत असतील तर बुडबुडे उरले आहेत. धागा एकाच उंचीवर सतत तुटत असेल तर ओढ जास्त आहे. ढोलाचा वेग कमी करण्याआधी सोलचा पुरवठा किंचित वाढवून पाहा.

ढोलावर आधी पॉलिथिनचा पातळ कागद गुंडाळलेला असावा. धागा सुकताना आखडतो आणि ढोल आखडत नाही, म्हणून रात्रभर तसाच ठेवलेला धागा सकाळी तुकड्यांत सापडतो. गुंडाळणं संपताच कागदासकट लड आडवी कापा, कागद सोलून काढा आणि तंतूंची जुडी 70 अंशांच्या ओव्हनमध्ये सैल ठेवा. हा जेल हवेतलं पाणी परत ओढतो. ओव्हनमधून निघाला की थेट भट्टीत जायला हवा, मध्ये टेबलावर मुक्काम नको.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगायला हवी. या जेलमध्ये नायट्रेट आहे आणि पीव्हीपी, अल्कोहोलसारखं इंधनही आहे. ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया 500 अंशांच्या भट्टीत ठेवून भडका उडवत ॲल्युमिनाची पूड करण्याची पद्धत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1980 च्या दशकात विकसित झाली, इतका हा जोड जोरकस आहे. बारीक तंतूंतून उष्णता निसटते. उरलेल्या सोलचा सुका ढेकूळ मात्र ओव्हनमध्ये कधीही ठेवू नये. उरलेला सोल भरपूर पाण्यात पातळ करून रासायनिक कचऱ्याच्या डब्यात द्यावा.

भाजणं

जुडी ॲल्युमिनाच्या दांडीवर सैल टांगा. आडवी ठेवली तर खालचे तंतू तळाला चिकटतात, ताणून बांधली तर आखडताना तुटतात. एका वेळी एक-दोन ग्रॅमच घ्या. भट्टी फ्यूम हूडखाली हवी, कारण पूर्ण बॅचमधल्या नायट्रेटपासून सुमारे 14 ग्रॅमपर्यंत तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड सुटू शकतो.

खोलीच्या तापमानापासून 150 पर्यंत मिनिटाला 1 अंश, तिथे एक तास. 150 ते 450 मिनिटाला अर्धा अंश. दहा तास जातात, पण नायट्रेट, उरलेलं अल्कोहोल आणि पीव्हीपी सगळं याच पट्ट्यात निघतं. इथे हवेचा सावकाश प्रवाह असावा. त्यात वाफ मिसळता आली तर आणखी चांगलं. पुढे 700 पर्यंत मिनिटाला 2 अंश, एक तास थांबा. मग 950 पर्यंत 5 अंशांनी, तिथून 1250 पर्यंत 10 अंशांनी. शेवटी पाऊण ते एक तास, आणि भट्टी बंद. सगळं मिळून सुमारे 18 तास.

शेवटचा टप्पा वेगाने का, याचं उत्तर 980 अंशांपाशी आहे. तंतू तोवर काचेसारखा असतो आणि त्याची छिद्रं मऊ काच वाहून बुजत असतात. ॲल्युमिना-सिलिका अणूंच्या पातळीवर मिसळलेले असतील तर 980 च्या आसपास एकदम मुलाइटचे स्फटिक होतात आणि हे वाहणं थांबतं. उरलेली छिद्रं मग अडकून पडतात. मिश्रण थोडं ढोबळ असेल तर आधी स्पिनेल (ॲल्युमिना भरपूर असलेला वेगळा स्फटिक) होतं आणि मुलाइट 1200 च्या वर. वेगाने चढवल्याने स्फटिक होण्याआधी दाट व्हायला थोडा अवधी मिळतो. 1250 ला एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (स्फटिक ओळखायच्या तपासणीत) मुलाइटसोबत स्पिनेल किंवा क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा स्फटिक) दिसत असेल तर दोष टीईओएसच्या दिवशी घडलेला आहे. 1400 च्या पुढे नेऊन तो लपवू नका. त्या तापमानाला कण मोठे होतात आणि ताकद उतरते.

भाजून आलेला तंतू कसा दिसतो याकडे नीट पाहा. चांगला तंतू दिव्याखाली चमकतो, पारभासक असतो आणि हलकेच वाकवला की सुटल्यावर सरळ होतो. खडूसारखा पांढरा आणि मंद असेल तर छिद्रं भरपूर, म्हणजे 150 ते 450 चा पट्टा घाईने गेला. राखाडी किंवा काळपट असेल तर कार्बन आत कोंडला, हवा कमी पडली. शेजारच्या तंतूंशी जुळलेला असेल तर सुकवताना दमटपणा लागला.

मोजमाप आणि मास्क

ताकद मोजायला एकेरी तंतू 25 मिलिमीटर खिडकी कापलेल्या जाड कागदावर इपॉक्सीने चिकटवा, यंत्रात लावल्यावर कागदाच्या बाजू कापा. 10 मायक्रॉनचा तंतू 1 गिगापास्कलला तुटतो तेव्हा त्यावर फक्त 8 ग्रॅमचा भार असतो, म्हणून लोडसेल त्या पट्टीचाच हवा. प्रत्येक तंतूची जाडी स्वतंत्र मोजा. जाडीत 10 टक्के चूक झाली तर ताकदीत 20 टक्के चूक येते. किमान 25 तंतू तोडा आणि सरासरीइतकंच लक्ष आकड्यांच्या विखुरण्याकडे द्या. काही तंतू खूप ताकदवान आणि काही अगदीच दुबळे असतील तर गाळणं किंवा धूळ तपासा. सगळेच सारखे दुबळे असतील तर भाजणं तपासा. तुलनेसाठी एक खूण: 85 टक्के ॲल्युमिना असलेल्या नेक्स्टेल 720 ची ताकद सुमारे 2.1 गिगापास्कल आहे. पहिल्या काही बॅचमध्ये त्याच्या निम्म्याला पोचलात तरी हात योग्य दिशेने चालला आहे.

तुटलेले तुकडे उडतात. 3 मायक्रॉनपेक्षा बारीक आणि 5 मायक्रॉनपेक्षा लांब तंतू श्वासातून खोल फुफ्फुसापर्यंत जातो. भट्टीच्या ब्लँकेटमधल्या सिरॅमिक तंतूंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2बी गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. 10 मायक्रॉनचं उद्दिष्ट धरण्यामागे हेही एक कारण आहे. तरीही कापताना, तोडताना एन-95 मास्क, चष्मा आणि नायट्राइल हातमोजे घाला. टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. उरलेले तंतू झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि तिच्यावर बॅच क्रमांकाबरोबर टीईओएस घातल्याची वेळ, तारेवर आला तेव्हाचं वजन आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहा.